कवड्यांची प्लेट

भोंगा वाजला, दारावरचा लाल दिवा लागला, आणि दादाराव खंडाऱ्यांनी दहापासून उलटे आकडे मोजायला सुरुवात केली. शून्याला पलीकडच्या हॉलमधून ठप्प असा आवाज आला. बस्स, एवढंच. आमचं काम एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात उरकायचं आणि मग लेझरच्या काचा थंड होईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही चहा पीत बसायचो.

त्या दिवशी मात्र चहा तसाच राहिला. मी पडद्यावर वाकून बघत होते. पत्र्यावरून परत फेकल्या गेलेल्या प्रकाशाची रेघ चांगली टम्म फुगलेली होती.

"दादाराव, प्लेट लावली होती ना?"

"लावली ना, मॅडम. दुसरी. काम्प्युटरवाली."

"आणि सकाळच्या शॉटला?"

"सकाळी कवड्यांची."

सकाळची रेघ या रेघेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नव्हती. लेझर तोच, पत्रा तोच, काच तीच, लेप तोच, लेप देणारा माणूसही तोच. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मला काहीही कळत नव्हतं, आणि पुढचे तीन आठवडे कळणार नव्हतं.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. परतवाड्याच्या अलीकडे संत्र्याच्या बागांमध्ये आमचं लेझरचं केंद्र होतं आणि मी साताऱ्याहून तिथे पीएचडी करायला येऊन चार वर्षं झाली होती. काम काय ते थोडक्यात सांगते. मोहरीएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेझर मारायचा, ती इतकी दाबायची की तिच्या पोटात सूर्यातल्यासारखी ऊर्जा पेटावी, असा जगभरच्या पुष्कळ शहाण्या माणसांचा खटाटोप चाललेला आहे. आमच्याकडे गोळी नव्हती. एक पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा आणि एकच किरण, एवढ्यावर आमची हौस. लेझर पडला की पत्र्याची वाफ होते, वाफ तापून तिचा प्लाझ्मा होतो, आणि हा प्लाझ्मा आलेला प्रकाश मुकाट्यानं आत घेण्याऐवजी त्यातला बराचसा परत फेकतो. किरणात जिथे तेज जास्त, तिथून जास्त फेकतो. आणि किरण कधीच एकसारखा नसतो. तव्याला एकीकडून जाळ जास्त लागला की भाकरी तिथेच करपते, तसं होतं.

यावर उपाय म्हणजे ती प्लेट. किरणाच्या वाटेत एक काच ठेवायची. काचेवर चाळीस ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस घरं. काही घरांना पारदर्शक लेप द्यायचा, काही कोरी ठेवायची. कोणतं घर लेपाचं आणि कोणतं कोरं, हे पूर्णपणे नशिबावर सोडायचं. मग किरणाचे सोळाशे तुकडे होतात, ते सगळे पत्र्यावर एकमेकांवर येऊन पडतात, आणि कुठे जास्त कुठे कमी हा भेद बराचसा मिटतो.

सोळाशे घरांची यादी करणं माझं काम होतं. केंद्रात एकच कॉम्प्युटर, त्यावर माझा नंबर आठवड्यानं, आणि मला मामेबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला जायचं होतं. मी दादारावांना सांगितलं की एकेका घरासाठी नाणं उडवा, छापा पडला तर लेप द्या. चेष्टेतच सांगितलं होतं खरं तर. पण मी परत आले तेव्हा प्लेट तयार होती. नाणं सोळाशे वेळा उडवायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून त्यांच्या आईनं, सरजाबाईंनी, घरी बसून कवडी टाकली होती. उताणी पडली की लेप, पालथी पडली की कोरं. दादारावांनी ओळीनं लिहून घेतलं होतं. मी मोजलं तर आठशे तीन लेपाची आणि सातशे सत्त्याण्णव कोरी. शिवाय प्लेट दिसायलाही सुबक होती, कुठे गठ्ठा नाही की मोठी मोकळी जागा नाही. मी खूश झाले.

आणि प्लेटनं कमाल केली. प्लेटशिवाय शंभर प्रकाश परत येत असेल तर प्लेट लावल्यावर वीस. आमचे प्रमुख पेठेसर एरवी हसायलासुद्धा परवानगी मागतील अशा चेहऱ्याचे, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून कँटीनमधून जिलेबी मागवली. दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. आणि सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "निबंधावर तिसरं नाव खंडाऱ्यांचं."

हे किती मोठं होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. दादाराव एकोणीस वर्षं एकाच हुद्द्यावर होते. तंत्रज्ञाला अधिकारी व्हायचं तर निवड समितीपुढे जावं लागे, आणि छापील निबंधात नाव असेल तरच समिती बोलावत असे. तंत्रज्ञांचं नाव निबंधावर घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. समिती जूनमध्ये बसणार होती. दादारावांनी ही बातमी आईला सांगितली आणि सरजाबाईंनी अचलपूरच्या त्यांच्या सगळ्या गल्लीला. पोराचं नाव पुस्तकात छापून येणार, आणि तेही आपल्या कवड्यांनी, म्हणून.

सरांना एकच खटकत होतं. दिल्लीत कोणी विचारलं की यादी कशी केली, तर कवड्या टाकून असं कसं सांगायचं? म्हणून माझा कॉम्प्युटरचा नंबर लागल्यावर त्यांनी रीतसर यादी करून दुसरी प्लेट करायला सांगितली. दादारावांनी तीही तितक्याच निगुतीनं केली. दिसायला ती अगदीच गबाळी होती. एकीकडे सात-आठ लेपाची घरं सलग, दुसरीकडे मोठंच्या मोठं भगदाड. आणि तिनं शंभराचे पंच्याहत्तर केले. फक्त पंच्याहत्तर.

आम्ही प्लेटा उलटसुलट लावल्या. एक दिवस आधी ही, एक दिवस आधी ती. लेपाची जाडी मोजली, केसभरही फरक नव्हता. भिंगासमोरची काच बदलली, पत्रे बदलले. दर वेळी कवड्या वीस आणि कॉम्प्युटर पंच्याहत्तर. पेठेसर रोज एक नवा सिद्धांत घेऊन यायचे आणि संध्याकाळी तो मोडीत निघायचा. कँटीनमध्ये लोक मला विचारू लागले की कॉम्प्युटर विकून कवड्या का घेत नाही. मी हसायचे, पण झोप उडाली होती. चार वर्षांचं काम ज्या आकड्यावर उभं होतं तो आकडा का येतो हेच मला सांगता येत नव्हतं.

शनिवारी सरांचा तोल गेला. दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "खंडारे, खरं सांगा. दुसरी प्लेट तुम्ही मुद्दाम कच्ची ठेवली नाहीत ना? तुमचीच वरचढ ठरावी म्हणून?"

दादारावांनी दोन्ही प्लेटा उचलून मऊ कापडात गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. मग बाहेर व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "मॅडम, उद्या रविवार हाय. घरी या माझ्या. माय कशी टाकते थे डोळ्यानं पाहा. मंग जे म्हनाचं थे म्हना."

मी गेले. खरं सांगायचं तर त्यांच्यावर विश्वास होता म्हणून नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून गेले.

सरजाबाई ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, आणि नजर अशी की मी साताऱ्याची, बिनलग्नाची आणि सकाळपासून उपाशी आहे हे त्यांनी चपला काढायच्या आत ओळखलं. आधी पोहे खायला लावले. मग चहा. मग सूप बाजूला सारून एका डबीतून कवडी काढली. गल्लीत त्यांच्याइतका चौसर कोणाला खेळता येत नाही, असं दादाराव म्हणाले. त्या म्हणाल्या, होतं तसं कधी काळी, आता सोबत खेळणाऱ्या सगळ्या वर गेल्या.

दादाराव वही घेऊन बसले. कवडी पडली.

"उताणी," ते म्हणाले आणि लिहिलं. मग पालथी. पालथी. उताणी. पालथी. उताणी. उताणी. मग पुन्हा उताणी, आणि सरजाबाईंनी कवडी उचलली. दादारावांची पेन्सिल हलली नाही.

"ही नाही लिहिली?" मी विचारलं.

"थे जळली ना, बाई," सरजाबाई म्हणाल्या.

"जळली म्हणजे?"

"तिसऱ्या बारीले तेच पडलं का जळते. पुन्हा टाका लागते. नाई तं तो खेळ कायचा? तुमच्याकडं नाई का असं?"

आमच्याकडेही होतं. लुडो खेळताना लागोपाठ तीनदा सहा पडले की आम्ही भावंडं 'जळला, जळला' म्हणून ओरडायचो. मी दादारावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पाणी पिताना भांडं तोंडाशी नेलं, असं कोणी वेगळं सांगतं का?

मी वही मागून घेतली आणि मागच्या पानावर गणित मांडलं. अख्ख्या प्लेटवर कुठल्याही ओळीत सलग तीन घरं सारखी नव्हती. मला ती सुबक दिसली ती त्यामुळेच. खरं नशीब गबाळं असतं, त्यात गठ्ठे पडतात, आणि मधोमध प्रकाश जमायचा तर ते गठ्ठे हवेतच. गठ्ठे काढून टाकले की प्रकाश मधोमध येतच नाही, दोन बाजूंना फुटतो. मी दोनदा करून पाहिलं. मधे उरत होता जेमतेम सहावा हिस्सा.

म्हणजे प्लेटनं प्लाझ्माला शांत केलंच नव्हतं. प्रकाश दोन ठिकाणी फुटून विरळ पडत होता, आणि विरळ पडला म्हणून कमी परत येत होता. त्याला काही शास्त्र म्हणत नाहीत, लेझर हलका करूनही तेच झालं असतं. पत्र्यावरचा ठिपका टिपणारा आमचा कॅमेरा बाजूला, नेमका ओळींच्या दिशेनं बघत बसवलेला होता. एकामागे एक उभी असलेली दोन माणसं समोरून एकच दिसतात, तसे दोन्ही ठिपके त्याला एकच दिसत होते.

"काय चुकलं का वं?" सरजाबाईंनी विचारलं.

"नाही, आजी," मी म्हणाले.

दादाराव मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत मी सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की तो प्रकाश पत्र्यावरच पडतो का. मी हो म्हणाले. परिषदेला दहा दिवस होते. सरांना स्वतःहून हे सुचायची शक्यता नव्हती. दिल्लीत कवड्यांबद्दल कोणी विचारणार नव्हतं. दादारावांचं नाव छापून येणार, जूनमध्ये समिती त्यांना बोलावणार. आणि मी तोंड उघडलं तर यातलं काहीच होणार नाही. मी त्यांना म्हणाले, "मला कळत नाहीये काय करावं."

ते म्हणाले, "माझ्या मायले नका सांगू." बस आली, मी चढले.

सोमवारी नऊला पोचले तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं. दादाराव सातपासून हॉलमध्ये होते. त्यांनी कॅमेरा बाजूनं काढून समोर, लेझरच्या शेजारी, बसवला होता. सरांकडून किल्ली आणून कवड्यांची प्लेट लावली होती. मला म्हणाले, "शॉट घ्या, मॅडम." मी घेतला. त्यांनी फिल्म धुतली आणि ओलीच घेऊन सरांच्या खोलीत गेले. मी मागे.

फिल्मवर दोन ठिपके होते, डावीकडे एक, उजवीकडे एक. मधे अंधार होता.

दादारावांनी कवडी जळण्याचं सगळं नीट सांगितलं. फक्त आई म्हणाले नाहीत. "म्या टाकल्या कवड्या, सर. मलेच समजलं नाई."

सर फिल्मकडे बघत राहिले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज फार खाली गेला. यादी चुकू शकते, ते म्हणाले, कवड्या मीच चालवून घेतल्या होत्या. पण नवी काच लावण्याआधी हलक्या किरणात तिचा ठिपका भिंतीवर पाडून बघायचा असतो. पाच मिनिटांचं काम. ते केलं असतं तर पहिल्याच दिवशी हे दोन ठिपके दिसले असते. त्यांनी रजिस्टर उघडलं. कवड्यांच्या प्लेटपुढे, 'ठिपका पाहिला' या रकान्यात, बरोबरची खूण होती. सही नव्हती.

"ही खूण कोणाची?"

खूण माझी होती. लग्नाहून आले त्या दिवशी, बस उशिरा पोचली म्हणून, हातावरची मेंदीसुद्धा न गेलेल्या अवस्थेत, मी ठिपका न बघता ती केली होती. मला वाटलं होतं, मोजून तर पाहिलंय, आठशे तीन आणि सातशे सत्त्याण्णव, आणखी काय बघायचं.

मी तोंड उघडलं. निदान मला आठवतं तसं, उघडलं होतं. पण आवाज आला तो दादारावांचा.

"माझी हाय, सर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा बोलायला माझ्याकडे पुष्कळ वेळ होता. सरांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मी उभी राहिले. मग सर म्हणाले, जा तुम्ही दोघं, आणि आम्ही गेलो.

निबंध मागे घेतला. सरांनी वर कळवताना तपासणी न करता खूण केल्याचा उल्लेख केला, आणि जूनमध्ये समितीनं दादारावांना बोलावलं नाही. पुढच्या जूनमध्येही नाही. दादारावांशी मी एकदा विषय काढला. म्हणाले, "दादाराव, ती खूण..." ते म्हणाले, "पंप सुरू करा लागते, मॅडम," आणि उठून गेले. त्यांनी असं का केलं हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाचवायला? आईचं नाव निघू नये म्हणून प्रकरण तिथंच संपवायला? की आपलं आता काही होणार नाही हे त्यांना त्या ओल्या फिल्मवरच दिसलं होतं, आणि एकाच्या जागी दोघं कशाला बुडायचे, असा साधा हिशोब? तीस वर्षं विचार करतेय, अजून उमगलेलं नाही. मी का बोलले नाही ते मात्र मला माहीत आहे. मी घाबरले होते.

दोन वर्षांनी माझा प्रबंध झाला. त्यात कॉम्प्युटरची प्लेट होती आणि शंभराचे पंच्याहत्तर हा खरा आकडा होता. परीक्षकांना तो आवडला. आभाराच्या पानावर मी दादारावांचं नाव लिहिलं होतं. सर म्हणाले, उगाच जुनं उकरून निघेल, तिथे 'केंद्रातील सर्व तंत्रज्ञ' असं लिही. मी वाद घातला नाही.

परतवाडा सोडण्याआधी पेढे घेऊन दादारावांच्या घरी गेले. बांधून आलेली पहिली प्रत पिशवीत होती, दाखवायची असं काही ठरवलं नव्हतं. पण सरजाबाईंना पिशवीतून पुठ्ठ्याचा कोपरा दिसला.

"आलं का पुस्तक?" त्या म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि ते मांडीवर घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दादारावांनी घरी काहीच सांगितलेलं नाही. पुस्तकाला वेळ लागतो, एवढंच दोन वर्षं सांगत आले होते.

निळ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दादारावचं नाव कोठी हाय?"

दादाराव माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. नाही आहे, असं म्हणता आलं असतं. का नाही, तेही सांगता आलं असतं. मी सरजाबाईंचं बोट धरलं आणि पुठ्ठ्यावर जे एकच नाव होतं, माझं, त्यावर ठेवलं.

"हे, आजी."

त्यांनी उठावाच्या अक्षरांवरून बोट शेवटपर्यंत नेलं, आणि परत आणलं.

"चांगलं मोठं लिवलं," त्या म्हणाल्या. मग मान वळवून लेकाला विचारलं, "हेच का रे?"

दादाराव आत आले. तांब्या खाली ठेवून त्यांनी वाकून पाहिलं. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच वाचता येत होतं.

"हाव, माय," ते म्हणाले. "हेच."